फोडलेली पाकिटं

साहेबांनी नकाशेबाईंचा, गुप्त नकाशांच्या खोलीत जायचा लाल पट्टीचा पास टेबलावर ठेवला आणि त्यावर पेपरवेट ठेवलं, जणू तो उडूनच जाणार होता.

"बाई, पास पुन्हा मंजूर करायच्या फॉर्मात 'थकलेलं कर्ज' या रकान्यात तुम्ही 'नाही' लिहिलंय. बँक म्हणते, आहे."

"माझं? मी कधी किराणा उधार आणला नाही, साहेब."

"कर्ज तुमच्या भावाच्या छापखान्याचं. जामीन तुम्ही. दोन वर्षं त्याने हप्ता भरलेला नाही. तुम्हाला नऊ नोटिसा गेल्यात."

बाईंना एकही मिळाली नव्हती. जामिनाच्या कागदावर त्यांनी माहेरचा पत्ता घातला होता. तेव्हा त्या तिथंच राहत. पुढे ऑफिसकडून राहायला खोली मिळाली, पण पत्ता बदलायचं सुचलंच नाही. भावाचं घर ते आपलंच घर!

सव्वीस वर्षं त्यांनी ऑफिसातल्या गुप्त नकाशांच्या कपाटाची राखण केली होती. पूर्वी नकाशे कापडावर शाईने काढलेले असत, खोलीभर त्या शाईचा वास असे. पुढे नकाशे कागदावर छापून येऊ लागले, साहेब सात बदलले, पण रीत तीच. संध्याकाळी कडीला दोरा बांधायचा, वर लाख ओतायची, बाईंनी आपला पितळी शिक्का दाबायचा. सकाळी शिपायाने वाकून लाख बघायची आणि मोठ्याने म्हणायचं, "साबूत!" मगच कपाट उघडायचं.

"कर्ज आहे म्हणून आम्ही कुणाला काढत नाही," साहेब म्हणाले. "पण अडलेल्या माणसाला कुणीही विकत घेऊ शकतं. आणि लपवणारा तर अर्धा विकलेलाच असतो. तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं, ते सोमवारी दाखवा."

विकत! बाईंची कानशिलं तापली. कपाटावर शुक्रवारची लाख लावून झाल्याबरोबर त्या तरातरा भावाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"ये ताई, बस. चहा टाकायला सांगतो."

"चहा गेला चुलीत. माझी पत्रं काढ."

भाऊ छताकडे बघू लागला. भावजयीने मात्र फडताळावरचा बिस्किटांचा डबा आणून पुढ्यात ठेवला. आत नऊ पाकिटं. प्रत्येकावर बाईंचं नाव, आणि प्रत्येकाची कड कात्रीने नीट कापलेली.

"माझ्या नावाचं पाकीट फोडलंस तू?"

"तुझ्या जिवाला घोर नको, म्हणून गं."

"काय पण माया! फोडायला हात धजला, आणि सांगायला जीभ झडली होती?"

"चिडू नकोस. पावती छापून देतो ना मी, मागच्या तारखेची. बँकेचा शिक्का असा हुबेहूब काढतो की तुझ्या साहेबाच्या बापालाही कळणार नाही."

बाई हसल्या. ते हसू बघून भावजय दोन पावलं मागे सरली.

"साहेब म्हणत होते, मला विकत घ्यायला कुणीतरी येईल. मला वाटलं, कुणी परका येईल." त्यांनी डबा काखेत मारला. "लहानपणी तू शाळेची काच फोडलीस आणि छड्या मी खाल्ल्या. तिथंच चुकलं माझं. सोमवारी दहाला माझ्या ऑफिसच्या फाटकाशी ये. जे केलंस ते साहेबांना तुझ्या तोंडाने सांग."

"लोक काय म्हणतील, ताई? माझा धंदा बसेल."

"बसू दे. यंत्र विक आणि हप्ते भर. तू आला नाहीस, तर मीच तुझ्या दारात उभी राहून सगळ्या गल्लीला नोटिसा वाचून दाखवीन. नऊच्या नऊ!"

तो आला. साहेबांपुढे पुटपुटला, तेव्हा साहेबांनी त्याला दोनदा मोठ्याने बोलायला लावलं.

"बाई, पटलं मला," साहेब म्हणाले. "पण कर्ज उभंच आहे. हप्ते सुरू झाल्याचा कागद येईपर्यंत पास माझ्याकडे राहील. शिक्काही द्या. तोवर बाहेरच्या टेबलावर बसा."

बाईंनी शिक्का टेबलावर आपटला.

"घ्या. पण आधी माझं कपाट बघा. आणि हा माझा भाऊ दारातून ऐकेल."

सगळे कपाटाच्या खोलीशी गेले. शिपाई कडीपाशी वाकला. शुक्रवारची लाख त्याने बोटाने चाचपली.

"साबूत," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"रोजच्यासारखं म्हण!" बाई कडाडल्या.