साडेचार किलोची तलवार

भागवतचा सगळा जन्म जालन्याच्या एमआयडीसीत, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये गेलेला. तिथं माल वजनावर जोखतात, म्हणून त्यानं माणसंही तशीच जोखायला घेतली होती. कॉलेजात शिकणारी त्याची मुलगी अर्पिता अंबडच्या मैदानावर तलवार-ढालीच्या प्रात्यक्षिकात पहिल्या रांगेत उभी राहणार, हे कळल्यावर त्यानं भंगारवाल्याकडून जाड पट्टी आणली आणि स्वतः तलवार घडवली. साडेचार किलोची! ढाल जाड पत्र्याची, सहा किलोची. "जुन्या लोकांच्या तलवारी अशाच ऱ्हायच्या," त्यानं ठणकावलं. हे त्याला कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

आठ दिवस अर्पिता अंगणात घाम गाळत होती. चार वार झाले की हात खाली यायचा. "लई कच्ची हेस तू," भागवत खेकसायचा आणि मग स्वतःच येरझारा घालायचा. रविवारच्या प्रात्यक्षिकात पोरीचं चारचौघांत हसं होईल, या धास्तीनं त्याला घास गिळवेना. तलवारीवर शंका घ्यावी, असं मात्र त्याच्या डोक्यात एकदाही आलं नाही.

शुक्रवारी दुपारी तलवार-ढाल पॉलिश करून घ्यायला तो महेमूदभाईंकडे गेला. सुऱ्या-कात्र्यांना धार लावण्यात म्हातारबाबांची हयात गेली होती. त्यांनी तलवार उचलली आणि खो खो हसले.

"भागवतभाई, ही तलवार हे का पहार?"

त्यांनी भिंतीवरची जुनी तलवार काढून त्याच्या हातात दिली. भागवतला आधी वाटलं, खेळण्यातली असेल. काट्यावर टाकली तर एक किलो शंभर ग्रॅम.

"माझ्या पणजोबाची हे, बिलकुल असली," महेमूदभाई म्हणाले. "लढणाऱ्याचा हात घंटाभर चालला पाहिजे. ढाल तर कातड्याची ऱ्हायची. तुमची ही ढाल जरा समोर धरून बघा बरं."

भागवतनं ढाल धरून हात पुढं केला. रोज लोखंड उचलणारा तो हात मिनिटभरात लटलटायला लागला. खांद्यातून कळ गेली. पोरीला आपण आठ दिवस हेच करायला लावलं, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जुनी तलवार मागून घेऊन तो गाडी दामटत घरी आला. अर्पिता सुजलेल्या मनगटाला हळदीचा लेप लावून बसली होती.

"ही धर. माझंच चुकलं, बाई."

तिनं तलवार अलगद फिरवली. चेहरा फुलला आणि लगेच उतरला.

"अप्पा, सकाळीच प्रात्यक्षिकाच्या सरांना फोन केल्ता मी. म्हणलं, माझ्यात दम न्हाई, नाव काढा. माझ्या जागी त्यांनी मागच्या रांगेतल्या तरन्नुमला घेतलं."

 भागवतनं तिचाच फोन घेऊन सरांना लावला.

"सर, तरन्नुमची जागा राहू द्या. पण रविवारी मला समद्यायच्या समोर दोन मिनिटं बोलू द्या. माझी पोरगी कमी पडली न्हाई. तिच्या बापाला वजन कळलं न्हाई, एवढंच सांगायचं हे."