चार शून्यं

बेलकीसने क्लासमध्ये आपला खरा पत्ता कधीच सांगितला नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायची, "हार्दिनेसच्या बाजूला." हार्दिनेस म्हणजे बड्या लोकांचा भाग, आणि बाजूला म्हणजे किती, तर बस बदलून जावं लागे इतकं. खरं घर सिएनफ्वेगोस वस्तीत. तिथे लाईट पाहुण्यासारखी यायची आणि टेकते न टेकते तोच निघायची भाषा करायची.

सँतियागोच्या त्या संस्थेत प्रोफेसर आरिस्तिदेस संगणक-सुरक्षा शिकवत; पोरं त्यांना प्रोफे म्हणत. राजधानीतल्या एका बँकेला ते दरवर्षी एकच नाव कळवत, आणि ते गेलं की नोकरी पक्की. यंदा नाव बेलकीसचं जाणार हे वर्गातल्या बाकांनाही ठाऊक होतं. शेवटचं काम तेवढं राहिलं होतं. संस्थेच्या खात्यातून क्लाउडवर आपलं एक व्हर्च्युअल मशीन उभं करायचं, त्यात मुद्दाम भोकं ठेवलेलं सॉफ्टवेअर टाकायचं, आणि चोर कसा शिरतो ते स्वतः चोर होऊन शिकायचं. अट एकच. फायरवॉलमध्ये फक्त आपल्या घरच्या इंटरनेटचा पत्ता लिहायचा, दुसऱ्या कुणाला आत घ्यायचं नाही.

मशीन तिने झोकात उभं केलं. घोडं अडलं ते पत्त्यावर. लाईट गेली की राउटर मरायचा, आणि जिवंत व्हायचा तो नवाच पत्ता घेऊन. मग तिचंच मशीन तिला ओळख देईना. क्लाउडच्या पानावर जा, जुना पत्ता काढ, नवा घाल, की पुन्हा लाईट गुल. प्रोफेंना विचारायचं कितीदा ओठांवर आलं. पण विचारायचं म्हणजे आमच्याकडे लाईट नसते हे चारचौघांत सांगणं आलं, आणि मग राहतेस कुठे हेही आलंच. वर्गातल्या राउल एर्नेस्तोच्या इमारतीला जनरेटर होता. त्या पठ्ठ्याला लाईट गेलेली कळतसुद्धा नसे. बेलकीस आपली दरवेळी पत्ता बदलत राहिली.

शुक्रवारी दुपारी मात्र ती वैतागली आणि पत्त्याच्या जागी चार शून्यं टाकून मोकळी झाली. चार शून्यं म्हणजे सगळं जग, येईल तो आपला. काम उरकलं की लगेच बदलू, असं तिने मनाशी ठरवलं.

आणि लाईट गेली.

"गेली मेली!" स्वयंपाकघरातून तिची आई दोन्या मिरेया ओरडली. "बये, जेवायला ये. त्या डब्यात काय नवरा बसलाय तुझा?"

"आई, थांब ना, एक गोष्ट बंद करायची राहिलीय."

"सगळं लाईटवाल्यांनीच बंद केलंय की. तू आणखी काय बंद करणार?"

फोनलाही रेंज नव्हती. वस्तीची लाईट गेली की टॉवरही मान टाकायचा. संस्थेत जाऊन तिथून बंद करता आलं असतं. पण तिथे गेल्यावर सांगणार काय? येईल आत्ता, येईल आत्ता करत ती पंख्याखाली बसून राहिली, बंद पंख्याखाली. तिचं मशीन मात्र परदेशातल्या कुठल्याशा थंडगार इमारतीत टक्क जागं होतं. तिथे लाईट जात नाही.

दुसऱ्या दिवशीही लाईट आली नव्हती. ती वर्गात शिरली तेव्हा प्रोफे तिचीच वाट बघत होते. कोण कुठले चोर तिच्या मशीनमध्ये शिरले होते आणि तिथून त्यांनी भलत्याच देशातलं एक ऑनलाइन दुकान लुटलं होतं. क्लाउडवाल्यांनी तिचं मशीन पुसून टाकलं होतं आणि तक्रार संस्थेकडे आली होती.

"चार शून्यं, बेलकीस? तू?"

"पत्ता सारखा बदलत होता, प्रोफे. लाईट जाते आमच्याकडे."

"हार्दिनेसला?" राउल एर्नेस्तोने विचारलं. बिचाऱ्याला खरंच नवल वाटलं होतं.

"सिएनफ्वेगोसला," ती म्हणाली. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं.

प्रोफेंनी वर्ग सोडला. सगळे गेल्यावर उठून दार लावलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मीही तिथलाच. आई अजून तिथेच असते माझी. अगं, घरून आधी संस्थेची लाईन जोडायची आणि तिच्यावरून आत जायचं, तिचा पत्ता कधी बदलत नाही. मी तसंच करायचो. दोन मिनिटांचं काम. विचारायचंस तरी!"

तिला आधी रडू आलं आणि मग संताप आला.

"तुम्ही कधी सांगितलंत, तिथले आहात म्हणून?"

प्रोफेंनी बँकेला पाठवायचा कागद पुढे ओढला. "बँकेचं म्हणशील तर राउल एर्नेस्तोचं नाव द्यावं लागेल," ते म्हणाले. ती दाराशी पोचली तेव्हा मागून पुन्हा त्यांचा आवाज आला. "आणि हे सिएनफ्वेगोसचं... वर्गात बोलू नकोस हं."

ती गल्लीत शिरली आणि घराघरांतून एकदम गलका उठला. "आली! आली!" पंखे फिरायला लागले, कुणाचा तरी रेडिओ मध्येच किंचाळून गायला लागला. आई झारा हातात घेऊनच दारात आली.

"आली गं! काय झालं तुझं? गेलं का नाव?"

"गेलं," बेलकीस म्हणाली.

आईने आनंदाने तिचे गाल धरले, आणि शेजारणींना सांगायला ती हाका मारत गल्लीत धावली.