कोरमला एक डोकं कमी

ठराव मंजूर झाला. एकमताने, टाळ्यांच्या कडकडाटात, एकही हरकत न येता मंजूर झाला, की या इमारतीच्या दोन्ही लिफ्ट यापुढे सगळ्यांसाठी खुल्या राहतील. मग तो फ्लॅटचा मालक असो, नाहीतर त्याची भांडी घासायला येणारी बाई असो.

आता हे विसरून जा. असं काही झालेलंच नाही. इमारतीच्या इतिवृत्तातही तसंच लिहिलं आहे, आणि इतिवृत्त कधी खोटं बोलत नाही. ते फक्त नंतर लिहिलं जातं.

तर काहीच झालेलं नसताना, चौदा मजल्यांच्या त्या इमारतीत अकराव्या मजल्यावर एक तरुण आपल्या आईबरोबर राहत होता. त्याला सगळे मुद्दा म्हणत. कारण कुठेही तोंड उघडलं की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "माझा एक मुद्दा आहे." दातांच्या डॉक्टरकडे, गालात कापूस कोंबलेला असतानाही त्याने ते म्हणून दाखवलं होतं, आणि डॉक्टरला ते समजलं होतं.

मुद्दा पुरोगामी होता. हे त्याने स्वतःच ठरवलेलं असल्यामुळे त्यावर वाद नव्हता. दर शनिवारी सकाळी त्याच्या घरी समता अभ्यास मंडळ भरायचं. मंडळाला अध्यक्ष नव्हता, कारण अध्यक्ष आला की उतरंड आली. सगळे निर्णय एकमतानेच व्हायचे. एकदा खिडकी उघडावी की नाही यावर एकमत होईपर्यंत दोघांना सर्दी झाली आणि तिसऱ्याने कंटाळून मंडळ सोडून लग्न केलं. लोकशाहीचं पुनरुज्जीवन कसं करावं यावर मंडळाची पुस्तिका तयार होत होती. शीर्षक वगळता सगळं ठरायचं होतं. शीर्षकावरही दोघांचं वेगळं मत होतंच.

इमारतीला दोन लिफ्ट होत्या. पुढच्या लिफ्टला आरसा, पंखा आणि "फक्त रहिवाशांसाठी" अशी पाटी. मागच्या लिफ्टला फळ्यांच्या भिंती, एक डोळे मिचकावणारा दिवा आणि "कामगार व सामान" अशी पाटी. मुद्दा रोज आरशात केस नीट करत खाली जायचा आणि कचेरीत बसून विषमतेवर लेख वाचायचा. ही पाटी त्याने हजारदा पाहिली असेल. वाचली नव्हती.

ती त्याला वाचून दाखवली मावशींनी. मावशी त्यांच्याकडे स्वयंपाकाला यायच्या. एके दिवशी मागची लिफ्ट बंद पडली, तेव्हा त्या अकरा मजले चढून आल्या आणि चपलांच्या कपाटावरच टेकल्या.

"अहो, मग पुढच्या लिफ्टने यायचं की," आई म्हणाली.

"दंड आहे ताई. मागच्या वेळी नवव्या मजल्यावर कामाला येणाऱ्या पोरीने भरला. तिने आरसा बघितला म्हणून वेगळा दम."

मुद्दा हातातलं पुस्तक मिटून उभा राहिला. विषमतेवरचं तिसरं प्रकरण चाललं होतं. ज्या गोष्टीसाठी तो ग्रंथालयाच्या चकरा मारत होता, ती घरपोच येऊन चपलांच्या कपाटावर बसून पाणी पीत होती. त्याला फार वाईट वाटलं. थोडा आनंदही झाला, आणि त्या आनंदाचं त्याला आणखी वाईट वाटलं.

पुढच्याच सर्वसाधारण सभेत तो उठला. "माझा एक मुद्दा आहे."

सभागृह हलकेच कण्हलं.

सेक्रेटरीकाका निवृत्त माणूस. त्यांना नियमांची एवढी आवड होती, की घरी बायकोशी भांडतानाही ते आधी विषयपत्रिका काढत, अशी वदंता होती. त्यांनी मुद्द्याचं भाषण शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत विचारलं, "मुद्देसाहेब, आत्ता वर कुठल्या लिफ्टने आलात?"

सगळे हसले. मुद्द्याचे कान तापले. अशा वेळी शहाणा माणूस खाली बसतो. मुद्दा म्हणाला, "जोपर्यंत दोन्ही लिफ्ट सगळ्यांना खुल्या होत नाहीत, तोपर्यंत मी एकाही लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही."

"नोंद घ्या," सेक्रेटरीकाका म्हणाले, आणि स्वतःच घेतली.

आईने कपाळाला हात लावला. "अरे बाबा, आपण अकराव्या मजल्यावर राहतो. शपथ घेण्याआधी घर तरी बघायचं."

दुसऱ्या दिवशी मागची लिफ्ट दुरुस्त झाली. म्हणजे रहिवासी पुढच्या लिफ्टने जात होते, कामगार मागच्या लिफ्टने जात होते, आणि समतेसाठी लढणारा एकटाच माणूस जिन्यात धापा टाकत होता. तळमजल्यावर मावशी भेटायच्या. म्हणायच्या, "द्या ती पिशवी, दादा. कांदे मी वर नेते. तुम्ही तुमची शपथ घेऊन या सावकाश."

मुद्द्याने ठरवलं, कामगारांनाच संघटित करायचं. शनिवारी सकाळी दहा वाजता बैठक ठेवली. एकही कामगार फिरकला नाही. मग मंडळाने "कामगारांमधील राजकीय उदासीनता" या विषयावर दोन तास चर्चा केली आणि ती फारच सखोल झाली.

"काल बैठकीला कुणी कसं आलं नाही हो?" दुसऱ्या दिवशी त्याने मावशींना विचारलं.

"कुणी म्हणजे?"

"कामगार."

"दहाला सगळी तुमच्यासारख्यांच्याच घरी कामाला असतात ना. आणि मी होते की. दोनदा चहा दिला. तुमचा तो दाढीवाला मित्र 'ही माणसं येतच नाहीत' असं म्हणाला, तेव्हा मी ट्रे घेऊन त्याच्या मागेच उभी होते. त्याने तर बिनसाखरेचा मागितला."

मुद्द्याला बोलायला काही सुचलं नाही. ही घटना एवढी दुर्मीळ होती, की आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

तरी चळवळीला यश आलं, आणि ते त्याच्या विचारांमुळे नव्हे तर त्याच्या फुप्फुसांमुळे आलं. दर दोन मजल्यांनी त्याला थांबावं लागायचं. थांबला की जे दार उघडं असेल त्या दारातल्या माणसाला तो श्वास परत येईपर्यंत विषमता समजावून सांगायचा, आणि श्वास परत आला की जास्तच सांगायचा. चौथ्या मजल्यावरच्या वकीलकाकूंनी दार उघडं ठेवणं सोडलं. सहाव्यावरचे निवृत्त न्यायाधीश त्याच्यासाठी खुर्ची ठेवायचे, पण कानातलं यंत्र काढून. शेवटी आठव्यावरच्या माणसाने सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं, "देऊन टाका त्याला काय हवंय ते. लिफ्टने गेला तर निदान मध्ये थांबणार नाही."

सभा ठरली. सभागृह गच्चीला लागून, चौदाव्याच्याही वर. मुद्दा घरातून आधीच वर जाऊन बसला असता तर काही प्रश्न नव्हता. पण ज्यांच्यासाठी ठराव, तेच नकोत का समोर? म्हणून तो कामगारांना बोलवायला खाली गेला. मावशी होत्या, रखवालदार होता, गाड्या धुणारे दोघे होते, नवव्या मजल्याची आरसेवाली मुलगी होती. "चला," मुद्दा म्हणाला. "व्हा पुढे, आलोच," असं म्हणून ते सगळे मागच्या लिफ्टमध्ये शिरले आणि वर पोहोचले. मुद्दा पुढे झाला होता, तो तिसऱ्या मजल्यावर होता.

टाळ्या त्याला बाराव्या मजल्यावर ऐकू आल्या. आपल्या स्वागताची तालीम चालली असावी असं त्याला वाटलं. तो सभागृहात पोहोचला तेव्हा ठराव मंजूर होऊन लोक उठत होते. भिंतीशी उभे राहिलेले कामगार अजून टाळ्या वाजवत होते. मुद्द्याला बोलायचं होतं, पण श्वासच नव्हता, त्यामुळे तो कार्यक्रम फारच चांगला झाला असं सगळ्यांचं मत पडलं. उतरताना तो आणि मावशी पुढच्या लिफ्टने आले. मावशींनी आरशात बघून पदर सारखा केला. म्हणाल्या, "आरसा काही एवढा खास नाही."

त्यानंतर काय व्हावं? सकाळी आठच्या सुमाराला कामाला येणारी सगळी माणसं पुढच्या लिफ्टला लागली. तिथे रांग लागली. कचेरीला निघालेल्या रहिवाशांनी दोन दिवस रांग पाहिली, तिसऱ्या दिवशी एक जण वर्तमानपत्रात तोंड लपवून मागच्या लिफ्टने उतरला. रिकामी, सुसाट, बोलायला कुणी नाही. बातमी पसरली. कुणीतरी फळ्या काढून तिथे गुळगुळीत पत्रा लावला. कुणी पंखा दिला. एका रविवारी पुढच्या लिफ्टमधला आरसा निघून मागच्या लिफ्टमध्ये गेला. सगळे मागच्या लिफ्टला आता "शांत लिफ्ट" म्हणू लागले. राहिली होती फक्त पाटी.

ती लावण्यासाठी सेक्रेटरीकाकांनी सभा बोलावली. प्रस्ताव साधा होता, मागची लिफ्ट फक्त रहिवाशांसाठी, पुढची कामगार व सामान यांसाठी. "कुणाची लिफ्ट आपण काढून घेत नाही," ते म्हणाले. "उलट पुढची देतोय."

पण अडचण होती. मागच्या सभेचा ठराव आडवा येत होता. दोन्ही लिफ्ट सगळ्यांना खुल्या, असं सभेने एकदा ठरवलेलं. मुद्दा तेच म्हणाला, थोडक्यात म्हणाला, आणि पहिल्यांदाच सेक्रेटरीकाकांना नियम सापडेना. भिंतीशी उभ्या असलेल्या मावशींनी त्याच्याकडे बघून मान डोलावली. मुद्द्याची छाती फुगली. तो जिंकला होता. आता फक्त गप्प बसायचं होतं.

सेक्रेटरीकाकांनी हताशपणे मागचं इतिवृत्त वाचायला घेतलं. "उपस्थित सर्व सभासदांनी, मुद्देसाहेबांसह, एकमताने..."

"माझा एक मुद्दा आहे," मुद्दा म्हणाला.

आईने खुर्चीखालून लाथ घातली. लाथ बसली, पण उपयोग झाला नाही.

"यात एक दुरुस्ती हवी. मतदान झालं तेव्हा मी जिन्यात होतो. मी मत दिलेलंच नाही. माझं मत मोजणं लोकशाहीला धरून नाही."

सेक्रेटरीकाकांचा चेहरा दिवा लागल्यासारखा उजळला. त्यांनी त्या दिवशीच्या सह्या मोजल्या. पुन्हा मोजल्या, बहुधा आनंदासाठी. "मुद्देसाहेब आमचे डोळे उघडतात. ते नसतील तर त्या दिवशी कोरमच नव्हता. सभा भरायला किमान जेवढे सभासद लागतात, त्यात एक डोकं कमी पडलं. म्हणजे सभा झाली नाही. म्हणजे ठराव झाला नाही."

"पण हॉल तर खच्चून भरला होता," भिंतीकडून मावशी म्हणाल्या. "पाय ठेवायला जागा नव्हती."

"ते लोक होते, बाई. कोरमला सभासद लागतात."

पाटी लागली. मुद्द्याची शपथ जागी झाली, आणि तो त्या सभेहून जिन्याने उतरला. संतापात उतरला, त्यामुळे पायऱ्यांकडे लक्ष नव्हतं. घोटा मुरगळला. डॉक्टरने पट्टा बांधला आणि महिनाभर जिना बंद केला.

मुद्द्याने पडल्यापडल्या फेरठरावाची मागणी लिहून पाठवली. नियमाप्रमाणे सेक्रेटरीकाकांना सभा लावावी लागली. येत्या रविवारी, वरच्याच सभागृहात. आईने घरोघरी फिरून अंदाज घेतला. आठव्यावरचा माणूस येणार होता, न्यायाधीश येणार होते, वकीलकाकूही. सगळे मिळून पुन्हा बरोबर एक डोकं कमी.

"ते डोकं इथे गादीवर पडलंय," आई म्हणाली. "ऊठ, मोड ती शपथ आणि जा लिफ्टने. चारच मजले आहेत."

"काकांनी नोटीस लावलीये, आई. शपथ इतिवृत्तात आहे. ती मोडली तर तिच्यावर आधारलेला ठरावही मोडला असं धरणार."

"मग उचलून नेऊ का तुला? माझी कंबर बघ, तुझी उंची बघ."

मावशी दारात भाजी निवडत बसल्या होत्या. "मी नेते की. परवा सातव्या मजल्यावर दोन दारी कपाट नेलं आम्ही, ढकलगाडीवर घालून. पुढच्या लिफ्टवर आता लिहिलंच आहे, कामगार व सामान."

"मी कामगार नाही, मावशी."

"ते दिसतंच आहे, दादा. मी सामानाचं म्हणतेय. सामान स्वतः कुठे लिफ्टमध्ये पाय ठेवतं? त्याला दुसरं कुणीतरी चढवतं."

आई हसता हसता खाली बसली. मुद्दा मात्र हसला नाही. इतक्या वर्षांत मंडळाला न सापडलेला मार्ग समोर होता, आणि त्यात त्याची जागा ढकलगाडीवर होती. जागा त्याला शोभणारी होती, हे त्याला मान्य करावं लागलं. त्याने कागद मागवला.

*प्रति, मा. सेक्रेटरी.*

*विषय : अर्जदारास सामान समजण्याबाबत.*

*महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदारास येत्या रविवारी, अकराव्या मजल्यापासून सभागृहाच्या दारापर्यंत, सामान समजण्यात यावे व पुढच्या लिफ्टने वाहून नेण्यास परवानगी मिळावी. अर्जदाराचे वजन दोन दारी कपाटापेक्षा कमी असून उपयोगही कमी आहे. सभागृहाच्या दारातून आत आल्यावर मात्र अर्जदारास गणपूर्तीकरिता एक माणूस म्हणून मोजण्यात यावे. तसेच अर्जदारास ढकलत आणणारी व्यक्ती त्या वेळी त्याच दारातून आत आलेलीच असल्याने, तिलाही त्याच नियमाने मोजण्यात यावे, ही नम्र विनंती.*