साहेबांच्या हातचं झाड

खुरप्याच्या पात्यानं वहिनी कांचनाच्या खोडावरची लाल फुली खरवडत होत्या. रंग ऑइलपेंटचा होता आणि ज्यानं कुणी तो मारला होता त्यानं हात अजिबात आखडता घेतला नव्हता. साल दुखू नये आणि रंग तेवढा निघावा, इतक्या बेतानं हात चालवायला हवा होता. वहिनींच्या डोक्यात त्या घडीला बेत सोडून बाकी सगळं होतं.

"खरवड, खरवड," नणंद मागून म्हणाली. "शनिवारी करवतवाला येईल. फुली दिसली नाही तर विचारेल, बाई, यातलं कुठलं? तेव्हा तूच बोट दाखव."

"वन्सं, तुम्ही जरा गप्प बसता?"

नणंद गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तशी असती तर दोघींचा धंदा इतकी वर्षं चालताच ना. ऑफिसं, बँका, दवाखाने यांच्या भोवतीच्या बागा आखायचं काम नणंदेचं आणि त्या राखायचं वहिनींचं. नणंद कागदावर झाड काढायची ते भरदार, गोल, सावलीसकट. ते तसं व्हायला जी वर्षं लागतात ती सगळी वहिनींच्या वाट्याला. घरी दोघी कडाकडा भांडत, पण गिऱ्हाइकासमोर एकमेकींचा शब्द खाली पडू देत नसत.

कंपनीच्या काचेच्या दारातून नवा व्यवस्थापक बाहेर आला. प्रत्येक गोष्टीचा शेवट तो एकाच शब्दानं करायचा, म्हणून दोघींनी त्याचं नाव चकाचक ठेवलं होतं.

"मॅडम, पुसून काय होणार? निर्णय झालाय."

"कोणाचा?"

"वरून." त्यानं बोट वर केलं. वर फक्त कांचनाची फांदी होती.

"आणि झाडाचा गुन्हा काय?"

"कंपनीचं नवं नाव झाकलं जातंय. पानं पडतात, पक्षी गाड्या घाण करतात. त्यापेक्षा इथं हिरवी भिंत येतेय, तयार मिळते. पाणी नको, खत नको, एक पान गळत नाही. वर्षातून एकदा पुसली की चकाचक."

"प्लास्टिकची."

"कळत नाही हो. हात लावला तरच कळतं."

"मग आत टेबलांवर माणसंही तसलीच बसवा ना," वहिनी म्हणाल्या. "रजा मागणार नाहीत, आजारी पडणार नाहीत, पगार वाढवा म्हणणार नाहीत. वर्षातून एकदा ओलं फडकं फिरवा."

नणंदेला अचानक खोकला आला. चकाचक हसला नाही. त्याला विनोद कळला नसेल असं नाही. बहुधा सूचना म्हणून तो मनात टिपून ठेवत असावा.

वहिनींचा पारा आता थांबणार नव्हता. पहाटे येऊन मुळाशी आळं करायचं, कीड लागली की पानन्‌पान उलटून बघायचं, भर उन्हात एकेका झाडाला माणसासारखं सांभाळायचं, आणि ह्यानं आठवड्यापूर्वी नोकरीवर येऊन ब्रश फिरवायचा? त्यांनी खुरपं बुंध्याजवळच्या दगडी पाटीवर ठेवलं.

"ही वाचलीत का कधी? 'संस्थापकांच्या हस्ते.' साहेबांनी स्वतःच्या हातानं लावलेलं झाड आहे हे. साहेब गेले, पण मोठ्या बाई आहेत अजून. त्यांना विचारलंत? का खोटी पानं चिकटवली की खरी माणसं विसरायची, असं वरून आलंय?"

मोठ्या बाई म्हणजे साहेबांची पत्नी. कंपनीत त्यांचा शब्द अजून चालत होता, आणि चकाचकच्या चेहऱ्यावरून ते लगेच वाचता आलं. आपण बाईंशी बोलून घेऊ, असं पुटपुटत तो आत गेला.

दार बंद झाल्यावर नणंदेनं वहिनींचं कोपर धरलं.

"अगं, काय बोलून बसलीस!"

"त्यात खोटं काय होतं?"

"पाटी वाचलीस तेवढं सोडून सगळं."

खुरपं उचलून वहिनी फुलीचा उरलेला कोपरा खरवडू लागल्या.

हे गुपित जगात त्या दोघींनाच ठाऊक होतं. उद्घाटनाच्या समारंभात मोठ्या माणसाच्या हातून झाड लावतात तेव्हा ते खरं लावलेलं नसतं. कपडे मळू नयेत म्हणून खड्डा उथळ खणतात आणि रोप नर्सरीच्या काळ्या पिशवीसकट त्यात टेकवतात. मोठा माणूस दोन ओंजळी माती टाकतो, फोटो निघतो, लोक चहाला वळतात. मग संध्याकाळी माळी ते रोप काढतो, पिशवी फाडतो आणि नीट खोल लावतो. साहेबांच्या झाडाचं ते संध्याकाळचं काम वहिनींना वाटलं नणंदेनं करून घेतलं, आणि नणंदेला वाटलं वहिनींनी. उन्हाळा तापला तेव्हा रोप पिशवीतच घुसमटून वाळून गेलं होतं. एका सुट्टीच्या दिवशी दोघींनी नर्सरीतून त्याच उंचीचा कांचन आणला, तिथंच लावला आणि पाटीवरची माती ओल्या फडक्यानं पुसली. त्यानंतर ते झाड इतकं जोमानं वाढलं, की कुणाला शंका येण्याचं कारणच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या बाई स्वतःच आल्या. दरवर्षी साहेबांच्या स्मृतिदिनी त्या यायच्या तेव्हा वहिनी त्यांच्यासाठी कांचनाखाली खुर्ची टाकायच्या, तशी आजही टाकली. चकाचक हातात फाईल धरून उन्हात अदबीनं उभा राहिला.

वहिनींनी आदल्या दिवशीचं सगळं पुन्हा, अधिक तावातावानं म्हणून दाखवलं. साहेबांचे हात, साहेबांची माती, आणि त्या जागी हे प्लास्टिक. "बाई, लाज वाटायला पाहिजे माणसाला," असा त्यांनी शेवट केला, आणि नणंदेनं जमिनीकडे बघत मान हलवली.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग चकाचकला म्हणाल्या, "मला जरा पाणी आणता?"

तो आत गेल्यावर त्या वहिनींकडे वळल्या.

"काय गं, याला फुलं कुठल्या रंगाची येतात?"

"गुलाबी, बाई. अगदी गच्च बहर येतो."

"त्यांनी लावला होता तो पांढरा होता."

नणंदेनं मान वर केली. वहिनींचा हात खोडावर होता, तो तिथंच राहिला.

"घरी आले ते नखांत माती घेऊन. म्हणाले, तुझ्या आवडीचा पांढरा कांचन लावून आलो, रोप मी स्वतः निवडलं. मी बहराची वाट बघत होते. बहर आला तो हा गुलाबी."

"बाई, ते रोप... आमच्याच हातून..." वहिनी म्हणाल्या.

"मेलं असेल. झाडं मरतात, त्याचा मला राग नाही." बाईंचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्तच लागत होता. "पण तेव्हा ते हिंडत-फिरत होते. एक फोन केला असतास तर आम्ही दोघांनी येऊन दुसरा पांढरा लावला असता. तू आम्हाला तेवढंही करू दिलं नाहीस. वर दरवर्षी मला इथं खुर्ची टाकून बसवलंस. आणि आज काय, हे त्यांचंच म्हणून माझ्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं?"

"साहेबांना कळलं होतं?" वहिनींनी विचारलं.

"त्यांना काय रंग कळत नव्हते?"

आदल्या दिवसापासून अंगात चढलेला सगळा संताप एकाएकी जागा बदलून वहिनींच्याच छातीवर येऊन बसला.

बाई उठल्या. "हे त्यांचं नाही, असं मी त्या माणसाला सांगणार नाही. पण त्यांचं आहे, असंही सांगणार नाही. तुझं झाड आहे. वाचवायचं असेल तर तू वाचव, आमच्या नावानं नको."

चकाचक पाण्याचा ग्लास घेऊन आला तेव्हा बाईंची गाडी फाटकाबाहेर वळत होती. आणि वहिनी गुडघ्यांवर बसून पाटीच्या कडेनं माती उकरत होत्या. नणंदेनं क्षणभर बघितलं, मग कुठूनशी एक पहार आणली आणि दुसऱ्या बाजूनं घातली.

"अहो, हे काय चाललंय?"

"ही पाटी खोटी आहे," वहिनी मान वर न करता म्हणाल्या. "साहेबांचं झाड पहिल्याच उन्हाळ्यात मेलं. आमच्या हलगर्जीपणानं. हे आम्ही आणून लावलं आणि कुणाला सांगितलं नाही."

चकाचकच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला, मग सुटकेचं हसू. "म्हणजे बाईंची काही हरकत नाही! मग प्रश्नच मिटला. शनिवारी—"

"मिटला कसा?" पाटी निघाली, दोघींनी ती उचलून बाजूला ठेवली. वहिनी उभ्या राहिल्या. "साहेबांचं असतं तर तुम्ही हात जोडून उभे राहिला असता. आता नुसतं झाड आहे म्हणून काय झालं? कालपेक्षा एक पान तरी कमी झालंय त्याचं?"

"मॅडम, तुम्ही चिडू नका. ऐकून घ्या माझं."

"ऐकते की."

चकाचक सांगू लागला. वरचा निर्णय, भिंतीची मापं, दिलेली ऑर्डर. ऊन अगदी डोक्यावर होतं आणि समोरच्या काचांवरून उलटून अंगावर येत होतं. त्यानं बाईंसाठी आणलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. बोलता बोलता फाईल कपाळावर धरली. मग तो एक पाऊल कांचनाच्या सावलीत सरकला, थोड्या वेळानं आणखी एक, आणि जिथून नुकतीच पाटी निघाली होती त्या मोकळ्या मातीशी येऊन थांबला. फाईल खाली आली. त्याचा आवाजही जरा खाली आला.

नणंद काहीतरी बोलायला गेली. वहिनींनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"बोला," त्या चकाचकला म्हणाल्या. "सावकाश बोला. आम्हाला काही घाई नाही."