बन्सीचं बाळसं

चाकणच्या शाळेच्या पटांगणात बाळांचं प्रदर्शन भरणार आणि सगळ्यांत सुदृढ बाळाला चांदीचा पेला मिळणार, ही बातमी नाणेकरवाडीत नीट पसरायच्या आधीच इंद्रायणीनं पेला जिंकूनसुद्धा टाकला होता. मनातल्या मनात, पण जिंकला होता! सातवीपर्यंत पोचलेली वाडीतली ती एकुलती एक पोरगी. वर्गात गुरुजींचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचा हात वर जाई. अशा पोरीच्या भावानं पेला आणायचा नाही, तर कुणी आणायचा?

"आये, आपला बन्सी न्यायचा."

सगुणाबाई चुलीपाशी तान्हीला पाजत बसली होती. "काय नको. धा जणांच्या नजरा लागत्यात. आधीच किरकिरतंय पोर."

"नजरबिजर काय नसतंय गं! आमच्या आरोग्याच्या पुस्तकात बाळाचं चित्र हाय, हुबेहूब आपला बन्सी. गाल बघ की त्याचे!"

गाल होते खरे. तान्ही जन्मली तसं दोन वर्षांच्या बन्सीचं अंगावरचं दूध तुटलं. तेव्हापासून चहात कुस्करलेली भाकरी नाहीतर ज्वारीच्या कण्या, एवढंच त्याच्या पोटात जाई. मधे तो वाळून काटकी झाला होता. आणि दिवाळीच्या सुमाराला त्यानं एकाएकी अंग धरलं. गाल फुगले, पावलं गुबगुबीत झाली, बारशापासून पायात खुळखुळणारे चांदीचे वाळे मांसात रुतून बसले. शेजारची ठकुबाई हनुवटीला हात लावून म्हणाली, "सगुणे, लेकानं बाळसं धरलं गं!"

हसत मात्र नव्हता तो. ठेवाल तिथं गप बसून राही. केस मक्याच्या तुऱ्यासारखे पिंगट पडले होते. त्यावर इंद्रायणीचं उत्तर तयार होतं, "गोरा व्हायला लागलाय."

तिचा बाप गेनू पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर होता, रविवारी घरी येई. त्यानं निकाल दिला, "जाऊ दे की. शिकलेली हाय ती, तिला कळतंय."

मग काय! वाळे राखेनं घासले, बन्सीला न्हाऊ घातलं, आईच्या समाधानासाठी गालावर काजळाची तीट लावली आणि त्याला कडेवर मारून इंद्रायणी चाकणला निघाली.

पटांगणात सतरंजीवर बायका मुलं घेऊन बसल्या होत्या. तिच्या शेजारी बसलेल्या सुभद्राबाईंचा नातू पळून पळून हैराण करत होता. त्याला आवरत त्या म्हणाल्या, "काय गं, तुझा उठत न्हाई वाटतं?"

"आमचा पाटलावानी बसतो," इंद्रायणी म्हणाली. "पळायला माणसं ठेवलीत."

बायका खळखळून हसल्या. इंद्रायणी तर फुलूनच गेली.

पुण्याहून आलेल्या डॉक्टरीणबाई एकेक मूल बघत जवळ आल्या. बन्सीचे गाल त्यांनी पाहिलेच नाहीत. त्याचं पाऊल हातात घेतलं आणि वाळ्याच्या खाली अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी खड्डा तिथंच. ओल्या मातीत बोट रुतावं तसा.

"हे बाळसं नाही, मुली," त्या हळूच म्हणाल्या. "ही सूज आहे. पोटात कसाचं अन्न गेलं नाही, म्हणून अंगात पाणी भरलंय."

त्यांनी तिला बाजूला नेलं. दुधाच्या भुकटीचा डबा दिला. रोज अंडं द्यायचं, दाण्याचं कूट गुळात कालवून भरवायचं, वरण घट्ट हवं. "आणि आता नीट ऐक..." त्या पुढंही बरंच बोलल्या. पण तेवढ्यात मागं सुभद्राबाईंच्या नातवाचं नाव पुकारलं गेलं, टाळ्या पडल्या, पेला उन्हात चमकला. इंद्रायणीचे डोळे भरून आले. तोंडानं ती म्हणत होती, "हो बाई, हो बाई," आणि सारं लक्ष त्या पेल्याकडे.

घरी येऊन तिनं अंड्याचं सांगितलं.

"अंडी बाजारात न्हाई गेली, तर तुझी वह्या-पुस्तकं कशातनं यायची?" आईनं विचारलं.

"ऱ्हाऊ दे माझी पुस्तकं."

आईनं ऐकलं. टोपलीतली अंडी घरातच राहू लागली. बन्सी आधी थुंकायचा, मग गिळू लागला. एकदा तर टोपलीकडं बोट करून "आंडं" म्हणाला. इंद्रायणीनं ते सगळ्या आळीला सांगितलं.

आणि मग सूज उतरली. गालांच्या रिकाम्या पिशव्या झाल्या, बरगड्या वर आल्या, पाय काटक्यांसारखे दिसू लागले. एका सकाळी वाळा पायातून आपोआप निसटला आणि घरंगळत उंबऱ्यापाशी गेला.

ठकुबाईनं तो उचलला. "बाजारात नेऊन बसवलं गं लेकराला! दिष्ट लागली. वर ती कुठली परमुलखाची भुकटी. सोन्यासारखं बाळसं शोषून घेतलं."

सगुणाबाईनं वाळा मुठीत धरला आणि लेकीकडं बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आशा होती. "इंदे, तू शिकलेली हायस. बाईंनी सांगितलं व्हतं का, असं वाळंल म्हणून?"

इंद्रायणीनं आठवून आठवून पाहिलं. 'आता नीट ऐक' एवढं आठवलं. त्यापुढं नुसत्या टाळ्या.

"न्हाई," ती म्हणाली.

त्या दिवसापासून डबा फळीवर गेला, अंडी पुन्हा बाजारात गेली, बन्सीच्या पुढ्यात कण्या आल्या. थोड्याच दिवसांत त्याला हगवण लागली. अंगारा झाला, दृष्ट काढून झाली. अखेर न राहवून इंद्रायणी चाकणला धावली. बाजाराच्या दिवशी डॉक्टरीणबाई दवाखान्यात बसत.

"अगं, तुला सांगितलं होतं ना!" बाई खुर्चीतून उठल्याच. "सूज उतरली की हाडं दिसतात. घाबरू नका, ते बरं होणंच असतं, खाणं थांबवू नका. हो हो म्हणालीस की तू. जा, आत्ताच्या आत्ता घेऊन ये त्याला."

ती शेताशेतांतून, बांधावरून उड्या मारत पळाली. वाटेत तिनं सगळं ठरवलं होतं, काय बोलायचं, ठकुबाईला कसं गप करायचं, आईची समजूत कशी घालायची. पुस्तकातल्यासारखं घडाघडा.

दारात बायका उभ्या होत्या. तिला बघून त्यांनी तोंडाला पदर लावले आणि वाट सोडली.

बोलायचं ते ती पुढं कितीतरी दिवसांनी बोलली, तेही एवढंच, "आये, बाईंनी सांगितलं व्हतं. मीच ऐकलं न्हाई." सगुणाबाई निवडत असलेलं धान्य निवडत राहिली. मग उठली, तान्हीला उचलून इंद्रायणीच्या मांडीवर ठेवलं आणि फळीवरचा डबा खाली काढला.

तान्ही आता वरचं खायला लागली आहे. वरणात कुस्करलेलं अंडं ती मटामटा खाते. भरवून झालं, तोंड पुसलं, की इंद्रायणी तिचं पाऊल हातात घेते आणि अंगठा दाबते. कातडी लगेच वर येते. तान्ही गुदगुल्यांनी खिदळते, पाय ओढून घेते.

इंद्रायणी दुसरं पाऊल धरते.