लागलीच तर नव्हे, दोन तास आधी

मडिकेरीच्या सामन्यासाठी पीटी मिसनी खो-खोची यादी लावली आणि माझं नाव सगळ्यात खाली होतं. देवश्री, राखीव.

कारण विचारायला गेले तर मिस हसायलाच लागल्या. "अगं, धावतेस तू झकास. पण बसमधून उतरतेस..." पुढचं त्यांनी मान लुळी टाकून दाखवलं.

खोटं नव्हतं ते. मागच्या वर्षी चिक्कमगळूरला अख्खा सामना मी झाडाखाली आडवी पडून पाहिला, शेजारी बादली. तेव्हापासून आमची कॅप्टन संयोगिता मला बादलीच म्हणते. यंदा दहावी, म्हणजे शाळेकडून खेळायची ही शेवटची संधी. राखीव म्हणून जायचं? छे!

"गोळी घेऊन जा की," आई म्हणाली.

"मागच्या वेळी घेतली होती."

"केव्हा घेतलीस?"

"तूच म्हणालीस, उगाच औषधं पोटात ढकलू नयेत, लागलीच तर घे. बस लागली, मग घेतली!"

"आणि कुठली घेतलीस?"

"तू दिलीस ती. पांढरी."

आमच्याकडे आइस्क्रीमचा एक जुना डबा आहे, त्यावर बाबांच्या अक्षरात 'पोट' लिहिलंय. मी तो उघडला. आत कात्रीने कापलेले पाकिटांचे तुकडे. दोन गोळ्या इथे, तीन तिथे, नाव कापलं गेलेलं, तारीखही. आणि सगळ्या गोळ्या पांढऱ्या!

"बाबा, तुम्ही कंपनीत एकेका स्क्रूला नंबर देता ना? आणि घरात नुसतं पोट?"

बाबांनी पेपर आणखी वर धरला.

मी डबा उचलला आणि तडक कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. तिथल्या कानडी भाग्यलक्ष्मी अक्का मला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी एकेक तुकडा उजेडात धरला. नाव नाही, तारीख नाही, ते सरळ कचऱ्यात. एका पाकिटाच्या मागे अर्धं नाव शिल्लक होतं.

"ही जुलाबाची. आतडं सगळं घाईघाईने पुढे ढकलत असतं ना, त्याला ही सांगते, स्वल्प निधान, सावकाश! मग पाणी शोषून घ्यायला त्याला वेळ मिळतो. जंतू मारत नाही हं ही. ताप असेल, रक्त पडत असेल तर हिला हातही लावायचा नाही, डॉक्टरांकडे पळायचं."

पाकिटाचा आकार मी लगेच ओळखला. "अक्का, बसमध्ये मी हीच घेतली होती!"

"मग उलट्या थांबल्या?"

"नाही. पण घरी आल्यावर तीन दिवस... काहीच नाही. शेवटी आईने पोट साफ व्हायची पुडी दिली."

अक्का काउंटरवर डोकं टेकून हसल्या. "आतडं गुणी आहे तुझं! थांब म्हटलं तर थांबून बसलं. आणि पुडीचं काम बरोबर उलटं. ती आतड्यात पाणी ओढून आणते, मग खडा मऊ होतो."

"आणि बस लागण्याची गोळी?"

"ती मुळात पोटाची नाहीच गं. कानाच्या आत तोल सांभाळणारी जागा असते. वळणावर कान मेंदूला सांगतो, आपण हलतोय. डोळे मोबाइलमध्ये असले तर ते सांगतात, छे, आपण तर बसलोय. मेंदूचा गोंधळ होतो आणि उलटी. गोळी तो निरोपच अडवते. पण एकदा मळमळायला लागलं की पोट दार लावून बसतं, काही पुढे सोडत नाही. मग गोळी आतड्यात पोचणार कशी?"

म्हणजे 'लागलीच तर घे' हीच चूक!

"पण सामना आहे ना तुझा? काही गोळ्यांनी झोप येते. डॉक्टरांकडून लिहून आण, आणि आधी एकदा घरी घेऊन बघ. सरी? कळलं ना?"

"सरी!"

डॉक्टरांनी कमी झोप आणणारी गोळी लिहून दिली, प्रवासाच्या दोन तास आधी घ्यायची. रविवारी गोळी घेऊन मी गाडीत मागे बसले, मांडीवर भौतिकशास्त्राचं पुस्तक. एरवी मला दोन सिग्नल पुरतात. बाबांनी पार शहराबाहेर बोम्मसंद्र्यापर्यंत नेऊन आणलं, एकही स्पीडब्रेकर सोडला नाही. "काही होतंय?" ते आशेने विचारत होते, गाडी नुकतीच धुतली होती तरी! काही म्हणजे काही झालं नाही. झोपही नाही. घरी येऊन मी तीन डोसे खाल्ले.

सामन्याच्या दिवशी पाचला गोळी, सातला बस. मी सगळ्यात पुढे बसले, नजर लांब रस्त्यावर. कुशालनगर गेलं आणि वळणं सुरू झाली. मी गात होते! मागे बघितलं तर संयोगिता मोबाइलवर समोरच्या टीमचा खेळ बघत बसलेली, चेहरा पडवळासारखा.

"देवश्री," ती पुटपुटली, "पिशवी आहे?"

माझ्याकडे चार होत्या.

"गोळी दे ना एक."

"माझी गोळी डॉक्टरांनी मला दिलीय. आणि आता तिचा उपयोगही नाही, पोटाने दार लावलंय. पुढे ये, माझ्या जागेवर बस, लांब बघ." तिचं डोकं मी सीटला टेकवून दिलं.

मडिकेरीत उतरलो तेव्हा तिला उभंही राहवत नव्हतं. मिसनी आम्हा सगळ्यांना एकदा नीट न्याहाळलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. मी केळं खात होते.

"देवश्री, पहिल्या नऊत!"

शेवटची वीस सेकंदं. गुण सारखे. समोरची शेवटची पोरगी खांबाकडे पळाली, आणि पाठीवर थाप पडली, "खो!" मी उठले, सुटले. ती खांबामागे वळली. खांबाला एक हात घालून मी स्वतःला अख्खं हवेत झोकून दिलं. बोटांना तिचा टी-शर्ट लागला आणि शिट्टी वाजली.

बाद!

एका गुणाने आम्ही जिंकलो. मी मातीत पालथी, आणि माझ्यावर आठ जणी येऊन पडल्या. त्यांच्यावर नववी, पांढरीफटक, धडपडत आलेली संयोगिता. ती माझ्या कानाशी किंचाळत होती, "देवश्री! देवश्री! देवश्री!"