कुरणखेडचा खाना

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारे लोक विचारतात, हे कपाट आहे की कबुतरखाना. त्यांचा दोष नाही. मला दारे नाहीत, आरसा नाही, कुलूपही नाही. आठ ओळींत सहा-सहा असे अठ्ठेचाळीस चौकोनी खाने तेवढे आहेत आणि प्रत्येक खान्याच्या कपाळावर पांढऱ्या रंगाने एकेका गावाचे नाव लिहिलेले आहे. पातूर, बाळापूर, बोरगाव मंजू, कुरणखेड, मूर्तिजापूर. माझे लाकूड मेळघाटच्या सागाचे, पण माझे आयुष्य सुरू झाले ते अकोल्याच्या एका टपाल कचेरीत. ज्या गावचे पत्र, ते त्या गावच्या खान्यात, एवढेच माझे काम.

तिथे शेषराव नावाचे छाननी करणारे गृहस्थ होते. त्यांची नजर पत्त्यावर असायची आणि हात आपोआप बरोबर खान्याकडे जायचा. सकाळी मी गच्च भरत असे, दुपारी पुन्हा रिकामा. आपल्यात काही टिकत नाही याचे मला तेव्हा वाईट वाटे. पुढे पत्रे कमी झाली, छाननी दुसऱ्या शहरात गेली आणि मला जिन्याखाली उभे केले. सहा वर्षे माझ्यावर फक्त धूळ आणि झाडू होते. लिलाव झाला तेव्हा मला कुणी हात लावेना. निवृत्त झालेले शेषराव तेवढे पुढे आले आणि मला हातगाडीवर घालून घरी घेऊन गेले.

त्यांची पत्नी शकुनबाई दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"डाकघर सुटत नाई म्हणून घरीच घेऊन आले का?"

"तुह्यासाठी आणलं," शेषराव म्हणाले. "काल कणीक काहाडाले डब्यात हात घातला तं हाताले टोपडं लागलं. अर्ध घर लोकरीनं भरलं हाय. एक दिवस माह्याच कानात सुया खुपसून ठेवशीन."

शकुनबाई हसल्या नाहीत, पण त्याच संध्याकाळी त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसले.

त्या सरकारी नर्स होत्या. पस्तीस वर्षे त्यांनी आसपासच्या खेड्यांतली बाळंतपणे केली आणि कुणाच्या घरी मूल झाले की त्याला टोपडे विणून दिले. मुलांच्या आया, आज्या, दारात बसणारी म्हातारी माणसे, सगळ्यांच्या अंगावर कधी ना कधी शकुनबाईंचा स्वेटर चढला. अकोल्याच्या उन्हाळ्याची कीर्ती तुम्ही ऐकली असेल. लोक म्हणत, इथे लोकर कशाला लागते? त्या म्हणत, "मार्गशीर्षात पाहाटी सहाच्या एसटीत बसून पाय, मंग सांग."

स्वेटर झाला की त्यातली उरलेली लोकर त्या फेकत नसत. जुन्या साडीच्या तुकड्यात तिची पुरचुंडी बांधत, वर सुईने एक चिठ्ठी टाचत आणि ती त्या माणसाच्या गावाच्या खान्यात ठेवत. चिठ्ठीवर नाव, कधी विणला आणि कशासाठी ठेवली ते लिहिलेले असे. "बाही वाढवायला." "कोपर फाटला तर." मूल वाढले, कोपर विरले, की ती माणसे येत आणि शकुनबाई हात घालून नेमकी पुरचुंडी काढत. एकाच रंगाची लोकर दुसऱ्या वर्षी दुकानातून आणली तर ती तशीच निघत नाही. थोडी वेगळी पडतेच. म्हणून ही सगळी काळजी. त्या खान्यांत डांबरगोळ्या ठेवत, कडुनिंबाचा पाला बदलत. माझ्यासमोर त्यांनी जाड पडदा लावला होता, म्हणजे ऊन आत येऊ नये. दिवसभरात रिकामा होणारा मी आता बारा-बारा वर्षे एकेक वस्तू जपू लागलो. तो माझा सुखाचा काळ होता.

त्यांची एकुलती मुलगी माधवी शाळेत होती तेव्हा एकदा म्हणाली होती, "आई, सगळे लाल एकीकडे ठेव, सगळे निळे एकीकडे. किती छान दिसेल."

"रंगाले काय थंडी वाजते? माणसाले वाजते," आई म्हणाली आणि टाके मोजत राहिली.

शेषराव गेले. त्यानंतर आठ वर्षांनी, या चैत्रात, शकुनबाईही गेल्या. आजार तीन आठवड्यांचा होता. माधवी अमरावतीला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि ती दर शनिवारी बडनेऱ्याहून गाडी पकडून या रिकाम्या घरात येऊ लागली. यायची आणि काय करावे ते न कळून उभी राहायची. तिला रिकाम्या हातांनी बसवेना. मग तिने पडदा काढला.

मित्रांनो, पुढे जे घडले ते तिने प्रेमाने केले. तरीही ते मला सांगताना जड जाते.

लोकर कशी ठेवावी याचे काही व्हिडिओ तिने फोनवर पाहिले. गोळे वळायचे छोटे यंत्र आणले. चार शनिवार-रविवार ती जमिनीवर बसून पुरचुंड्या सोडत होती. साडीचे तुकडे एका बाजूला, चिठ्ठ्या दुसऱ्या बाजूला. शकुनबाईंचे अक्षर नर्सचे, घाईचे. पुष्कळ चिठ्ठ्या पुसट झाल्या होत्या. पहिल्या काही तिने वाचल्या. मग एका चिठ्ठीवर आईच्या अक्षरात "माधवीच्या निळ्यातली" असे आले आणि त्यानंतर तिने एकही वाचली नाही. लहान तुकडे गाठी मारून एकमेकांना जोडले, एका रंगाचा एक मोठा गोळा केला. हातभर लांबीचे आणि जरासे कुरतडलेले वाटले ते वेगळे काढले. ते, चिठ्ठ्या आणि साडीचे तुकडे सोमवारी घंटागाडीत गेले. जी बाई पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक निघाला तर तो पुन्हा चिकटवल्याशिवाय घरी जात नाही, तिनेच हे केले. दुःखात माणूस आपलेच शहाणपण विसरतो.

शेवटी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सगळे रंग माझ्यात ओळीने लागले. फोटो काढला गेला. नातेवाइकांची "किती सुंदर" अशी उत्तरे आली. ती तिने मोठ्याने वाचली. इतक्या लोकांनी मला सुंदर म्हटल्याचे मला आठवत नाही. आणि मी आतल्या आत ओरडत होतो.

दिवाळीनंतरच्या रविवारी दारात एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, सदरा, हातात कापडी पिशवी.

"नर्सबाई गेल्या ते मले पेपरात समजलं," ते म्हणाले. "मी वामनराव, कुरणखेडचा. तू माधवी ना? लहान होतीस तं आमच्या घरी आईसंगं येऊन हरभरा खात होतीस. अर्धा वाफा साफ केला होता."

माधवीने त्यांना पाणी दिले. त्यांनी पिशवीतून एक मरून स्वेटर काढला. उजवी बाही कोपरापर्यंत उसवलेली होती.

"तुही काकू, पार्वताबाई. दोन वर्सं झाले, कोणाले वळखत नाई. मले कंडक्टर म्हणते, तिकीट मागते. पण हा स्वेटर वळखते. दुसरा घातला का काढून फेकते. बसल्या बसल्या उसवून राहिली होती, आमचं ध्यान नव्हतं. सुनेनं दुसऱ्या लोकरीची बाही लावून पायली, तं तिनं दोन दिवसात उचकटली. आता उघड्या हातानं बसते. छातीत कफ झाला. डॉक्टर म्हणते, गरम ठेवा. कशी ठेवू?"

माधवीने उसवलेल्या बाहीवरून हात फिरवला.

"नर्सबाई मांगच्या साली बोलल्या होत्या, याची लोकर ठेवेल हाय, आणून टाका. काढून दे तेवढी. विणून सून देईन."

माधवीने माझ्याकडे पाहिले. माझ्या कुरणखेडच्या खान्यात त्या वेळी पिवळा रंग होता.

"शोधून ठेवते, काका," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी या."

तोवर तिला गोधडीत गुंडाळून ठेवतो म्हणत ते स्वेटर ठेवून गेले. ती लगेच मरून गोळा घेऊन अंगणात उजेडात बसली. गाठी सोडल्या. नऊ तुकडे निघाले. एकेक तुकडा स्वेटरवर ठेवायचा, डोळे बारीक करायचे, बाजूला टाकायचा. कुठला जास्त लाल, कुठला विटकरी. पाचवा बराच जुळत होता, पण तो बोरगाव मंजूच्या एका मास्तरांच्या मफलरचा होता. ते मला माहीत होते. सातवा तुकडा कुरणखेडचा. तो तिने उचलला. स्वेटरवर ठेवला. तो फारच गडद दिसला. तिने तो दूर ढकलला.

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असते तर! तो स्वेटर बारा हिवाळे उन्हात बसला होता, दगडावर धुतला गेला होता, म्हणून फिका झाला होता. आणि त्याची ही भावंडलोकर मी बारा वर्षे अंधारात ठेवली होती. एक किरण लागू दिला नव्हता. मी तिला इतके नीट जपले, म्हणूनच ती ओळखू आली नाही.

पुढच्या रविवारी वामनराव आले. "सापडतेय," माधवी म्हणाली, "अजून थोडं राहिलंय." त्यांनी चहा घेतला आणि परतीची एसटी पकडली. तो आठवडा तिने रजा घेतली. मरून, तपकिरी, जांभळा, सगळे मोठे गोळे तिने उकलले. घरभर लोकर झाली. जेवण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून व्हायचे, कारण इतरत्र पाय ठेवायला जागा नव्हती. एकदा ती त्या पसाऱ्यात बसून हळूच म्हणाली, "आई, कुठं ठेवलीस गं?" आईने ती बरोबर जागी ठेवली होती.

तिसऱ्या रविवारी वामनराव आले ते दाराबाहेरच थांबले. आत पाय ठेवायची सोय नव्हती.

"कफ वाढला," ते म्हणाले. "हाय का लोकर?"

माधवी उभी राहिली. "काका, मी खोटं बोलले. आईनं गाववार ठेवली होती. मी चिठ्ठ्या फेकल्या, सगळी लोकर रंगानं एकत्र केली. आता कोणती काकूंची ते मला ओळखू येत नाही. येणारही नाही."

वामनरावांनी पिशवी खाली ठेवली.

"मंग पयल्याच दिवशी काहून नाई सांगतलं? माह्या तीन चकरा झाल्या."

"लाज वाटली."

"लाज घालून तिचा हात गरम होते का?" ते चपला काढून आत आले, लोकर बाजूला सारून बसले. "मी चाळीस वर्सं अकोल्याच्या बाजारात कापूस आणला. ढीग भाईरून पाहून कोणी भाव करते का? व्यापारी आत हात घालते. आण तो स्वेटर इकळे."

त्यांनी स्वेटर उलटा केला. खांद्याच्या शिवणीशी, जिथे दोन पदर एकमेकांत दुमडलेले होते, तिथे नखाने थोडे उघडले. आत रंग गडद होता, नव्यासारखा.

"हे पाय," ते म्हणाले. "हा तिचा रंग."

माधवीने दूर ढकललेला सातवा तुकडा आणला. शिवणीत ठेवला. तो दिसेनासा झाला.

ती खाली बसली आणि चैत्रापासून पहिल्यांदा रडली. वामनरावांनी तिला रडू दिले. मग म्हणाले, "विणता येते का?"

"साधे टाके येतात."

"तेच घाल. मी दुपारच्या गाडीनं जाईन."

ती विणायला बसली. दुपारची गाडी गेली, मग चारची गेली. टाके सुटत, पुन्हा उचलले जात. मनगटाला चार बोटे उरली आणि लोकर संपली. कुरणखेडच्या पुरचुंडीत या सातव्या तुकड्याशिवाय जराशा कुरतडलेल्या पाच लहान लडीही होत्या. त्या कुठे गेल्या ते मला माहीत होते. माधवीलाही आठवले असावे, कारण तिने शोधले नाही. नुसतीच सुया हातात धरून बसली.

"चालते," वामनराव म्हणाले. "बंद कर टाका. तिचा हात बी आता पयल्यासारका कुठी हाय."

पुढच्या शनिवारी फोन आला. माधवीने तो माझ्याशेजारी उभे राहून घेतला, म्हणून मला ऐकू आले. पार्वताबाईंनी स्वेटर घातला होता. काढून फेकला नव्हता. कफ तसाच होता, पण हात झाकलेले होते. "फक्त बाही खाली ओढून राहिली," वामनराव सांगत होते, "दिवसभर. मनगटापर्यंत पोचत नाई ना."

फोन ठेवून माधवीने एक कागद फाडला, लिहिला आणि कुरणखेडच्या खान्यात टाचला. "पार्वताबाई. मरून. शिल्लक नाही." त्या खान्यात आता तेवढेच आहे.

मित्रांनो, घरातले माणूस गेले की आवरावे लागतेच. आवरा. पण जे तुम्हाला पसारा वाटते त्याच्यासमोर आधी दोन दिवस नुसते बसा. कोणती वस्तू कुणाशेजारी ठेवली आहे ते पाहा. चिठ्ठीतले अक्षर लागत नसेल तर कुणाला दाखवा. आणि हातून चूक झालीच, तर ती पहिल्याच दिवशी सांगा. समोरच्या माणसाला थंडी वाजत असते.

माझ्या उरलेल्या सत्तेचाळीस खान्यांत कुणाचे काय होते ते आता फक्त मला ठाऊक आहे आणि माधवीशी मला बोलता येत नाही. ज्यांच्या अंगात ते स्वेटर आहेत ती माणसे आली, तरच एकेक धागा घरी जाईल. पातूर, बाळापूर, बोरगाव मंजू, कुठेही तुमच्या पेटीत शकुनबाईंनी विणलेले काही असेल, तर घेऊन या. ती दर शनिवारी येते आणि दार उघडे ठेवते. फार उशीर करू नका. माझ्या मागच्या फळीला वाळवी लागली आहे, आणि ती तिला अजून दिसलेली नाही.